दहा रुपयांचे कर्ज

शाळेच्या वार्षिक अंकासाठी माजी विद्यार्थ्यांनी काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. लिहून ठेवावेत असे पराक्रम आमच्या हातून घडलेले नाहीत. आमच्यापैकी दोघांची बी. एस्सी. नुकतीच पुरी झाली. तिसरा अर्ध्या वाटेवरून परतला आणि आता वडिलांच्या छापखान्यात बसतो. तथापि विद्यापीठातील दुसऱ्या सत्राच्या कलनशास्त्राने आमची जी दशा केली, ती सांगितली तर त्या वाटेने पुढे जाणाऱ्या आमच्या धाकट्या भावंडांच्या काही उपयोगी पडेल, निदान त्यांची करमणूक तरी होईल, असे वाटून लेखणी हाती घेतली आहे.

दहावीपर्यंत आम्ही वडोदऱ्यातल्या मराठी शाळेत शिकलो. दांडिया बाजारातून सायकली काढावयाच्या, वाटेत सूरसागरच्या कठड्यापाशी क्षणभर थांबावयाचे आणि घंटा होण्याच्या आत वर्गात शिरावयाचे, हा आमचा क्रम. गणितात तिघांनाही नव्वदच्या वर गुण असत. पुढे शिक्षण इंग्रजीत सुरू झाले, तरी गणिताला भाषा कोठे असते, अशी आमची समजूत होती. पहिल्या सत्रात अवकलन होते. नियम पाठ केले, ते लावले, उत्तरे आली. आमचा अहंकार शाबूत राहिला.

दुसऱ्या सत्रात समाकलन आले आणि पायाखालची वाळू सरकू लागली. अवकलन म्हणजे धान्य दळणे होय. दाणा कोणताही असो, जात्यात घातला की पीठ होणारच. समाकलन म्हणजे समोरच्या पिठावरून दाणा ओळखणे. त्यास एकच एक नियम नाही. कधी चलराशी बदलून पाहावी, कधी खंडशः समाकलन करावे, कधी अपूर्णांकाचे तुकडे पाडावेत. यांपैकी कोणती युक्ती कोठे लावावयाची, हे पुस्तक सांगत नाही. त्यातून काही पिठे अशी की, त्यांचा दाणा आपल्या ओळखीच्या फलांत सापडतच नाही, हे सिद्ध झालेले आहे. ‘ई’चा घात उणे क्ष-वर्ग, हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. संख्याशास्त्रातील घंटेच्या आकाराचा वक्र तो हाच. आमच्यातील एकाने त्यावर एक अख्खा रविवार खर्ची घातला आणि सोमवारी ते होत नसते हे त्याला कळले! शिवाय उत्तराच्या शेवटी एक स्थिरांक मिळवावयाचा असतो. तो विसरला की अर्धा गुण जातो. आमचे असे किती अर्धे गेले, याची बेरीज आम्ही केलेली नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाही गोड वाटली होती. समाकलनाचे चिन्ह म्हणजे लांब ओढलेले एस हे अक्षर. ‘सुम्मा’ म्हणजे बेरीज, या लॅटिन शब्दाचे ते आद्याक्षर असून लायब्निझने १६७५ साली ते प्रथम वापरले. तेव्हा हे सारे प्रकरण मुळात बेरजेचे आहे. आमच्यातील एकीने आजीच्या स्वयंपाकघरात त्याची परीक्षा घेतली. पाणी पिण्याचा एक उभट पेला, तळाची त्रिज्या ३ सेंटीमीटर, तोंडाची ४, उंची १२. पेल्याच्या पातळ आडव्या चकत्या कल्पून त्यांच्या घनफळांची बेरीज केली. उत्तर १४८ पाय, म्हणजे सुमारे ४६५ घन सेंटीमीटर. दहावीत पाठ केलेले शंकुछेदाचे सूत्रही तेच सांगते. मग औषधाच्या मापाने पाणी ओतून पाहिले, तर चार-पाच मिलिलिटरचाच फरक! आजी म्हणाली, “पेल्याला सूत्र आहे, ते ठीक. माझ्या तांब्याचे काय?” तांब्याचे पोट वाकडे, त्याला शाळेतले सूत्र नाही. पण त्याच्याही चकत्या पडतातच. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आवळ्यावर वरून खाली जशा रेषा असतात, तशा रेषांनी गोलाचे पृष्ठ विभागून त्याचे क्षेत्रफळ काढून दाखविले होते. तुकडे पाडून बेरीज करण्याची ही ओढ जुनीच आहे.

इतके कळूनही आम्ही बुडालो. बुडालो ते श्रेढींत. अनंत पदांची बेरीज करावयाची. ती एखाद्या ठराविक संख्येकडे जात असेल तर श्रेढी अभिसारी, नसेल तर अपसारी. पहिल्या अंतर्गत परीक्षेत प्रश्न आला: एक, अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, अधिक एक चतुर्थांश, ही श्रेढी अभिसारी आहे काय? आम्ही तिघे वेगवेगळ्या बाकांवर बसलो होतो, आणि तिघांनीही एकच उत्तर लिहिले: पदे लहान लहान होत शून्याकडे जातात, म्हणून श्रेढी अभिसारी आहे. तिघांनाही शून्य मिळाले. इतकी एकवाक्यता आमच्यात पूर्वी कधी झाली नव्हती.

उत्तरपत्रिका परत देताना एका प्राध्यापकांनी भर वर्गात शेरा मारला की, भाषिक शाळांतून येणाऱ्यांचा पाया असाच असावयाचा. आम्ही मान खाली घातली. बाहेर येताच एकाच्या डोळ्यांत पाणी आले, एकीला राग आला आणि तिसरा मुकाट्याने सायकलीचे कुलूप काढीत राहिला. त्याच्या घरी स्पष्टच सांगितले होते की, एका विषयात जरी राहिलास तरी छापखान्यात यावयाचे. दुसऱ्या वर्षाची फी भरणे होणार नाही.

रागाच्या भरात आम्ही थेट आमच्या शाळेच्या जुन्या गणिताच्या सरांकडे गेलो. ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत. सरांनी तक्रार ऐकून घेतली, उत्तरपत्रिका चष्मा पुसून वाचल्या आणि म्हणाले, “शेरा वाईट. पण शून्य बरोबर आहे.” मग थोडे थांबून म्हणाले, “हे शास्त्र मी सोडून चाळीस वर्षे झाली. मला यातले काही आठवत नाही. तेव्हा तुम्हीच मला शिकवा. मात्र मराठीत.”

आम्हांस वाटले, ही थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर फळा उभा राहू लागला आणि आम्ही पाळीपाळीने शिक्षक झालो. पहिल्या शनिवारी दहा मिनिटांतच उघडकीस आले की, आम्हांस इंग्रजीत जे ‘येत’ होते, ते केवळ पाठ होते. “अभिसारी म्हणजे काय रे?” सरांनी विचारले. आम्ही इंग्रजी व्याख्या म्हणून दाखविली. “ती ऐकली. म्हणजे काय?” आम्ही गप्प. कोणी तरी चाचरत रक्ताभिसरणाचे नाव काढले. तेव्हा आत निवडणे करीत बसलेल्या काकू बाहेर आल्या. त्या पूर्वी मराठी शिकवीत. त्या म्हणाल्या, “अभि म्हणजे कडे, सृ म्हणजे सरणे. कोणाकडे तरी निघालेली ती अभिसारी. काव्यात अभिसारिका वाचली नाहीत का?” आम्ही लाजून हसलो, परंतु तो शब्द त्या दिवसापासून पक्का झाला. बेरीज नुसती वाढते की कोणाकडे तरी जाते, हा प्रश्न आहे, हे प्रथमच उमगले. इंग्रजी शब्दात हा अर्थ नव्हता असे मुळीच नाही. आम्ही तो शब्द उघडून पाहिलाच नव्हता, इतकेच.

दुसऱ्या शनिवारी सरांनी आमच्या शून्याचा समाचार घेतला. “समजा, माझ्याकडून तुम्ही दहा रुपये कर्जाऊ नेले. पहिल्या दिवशी एक रुपया फेडता, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक तृतीयांश, चौथ्या दिवशी पाव. माझे पैसे फिटतील की नाही?” आम्ही म्हणालो, फिटणार नाहीत. “सिद्ध करा.” ते होईना. होईना म्हणून पदांचे गट करून पाहिले. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळून अर्ध्याहून अधिक. पुढची चार पदे मिळून पुन्हा अर्ध्याहून अधिक. त्यापुढची आठ, मग सोळा. प्रत्येक गट अर्ध्याहून मोठाच! म्हणजे अर्धा-अर्धा रुपया अखंड जमा होत राहणार, आणि दहाच काय, दहा हजारही केव्हा तरी फिटणार. फ्रान्समधील निकोल ओरेम या विद्वानाने चौदाव्या शतकात हीच युक्ती दिली होती, हे आम्ही नंतर वाचले. त्या संध्याकाळी मात्र ती आमची होती, आणि खडूने हात पांढरे झालेले आम्ही तिघे ओसरीवर ओरडत होतो.

“आणि एक, अर्धा, पाव, अर्धपाव, असे दिलेत तर?” सर म्हणाले. ते सोपे होते. तसे दिल्यास दोन रुपयांचे कर्जसुद्धा कधीच पुरते फिटत नाही. दोन्हीकडे हप्ते लहान होत शून्याकडेच जातात; फरक ते किती वेगाने लहान होतात, यात आहे. आमच्या उत्तरातली चूक एका ओळीत दिसली. तिला भाषेचा काही संबंध नव्हता, आणि शाळेचाही नव्हता. आम्ही विचार केला नव्हता.

सत्राच्या अखेरीस परीक्षा झाली. टेलरच्या श्रेढीने थोडा घाम काढला, समाकलनाच्या दोन गणितांत युक्ती सुचली नाही. आमच्यातील एकीला चांगले गुण पडले, एक जण जेमतेम उत्तीर्ण झाला, आणि तिसरा कलनात उत्तीर्ण होऊनही दुसऱ्याच एका विषयात तीन गुणांनी राहिला. शनिवारचे वर्ग त्याने सर्वांत मनापासून घेतले होते. सर स्वतः त्याच्या घरी जाऊन आले. पण घरच्यांचा शब्द फिरला नाही. त्यांचीही बाजू होती. छापखान्यातला जुना माणूस सोडून गेला होता आणि धाकटी दोन भावंडे शिकत होती. जूनमध्ये दोघेच पुढच्या वर्गात जाऊन बसलो. मधली जागा काही दिवस आम्ही रिकामीच ठेवीत असू.

त्या पावसाळ्यात एका शनिवारी तो सरांकडे एक कागद घेऊन आला. छापखान्यातल्या संगणकावर, पत्रिकांची जुळणी संपल्यावर, त्याने सरांच्या कर्जाचा हिशेब करावयास लावला होता. पहिल्या ३१ दिवसांत चार रुपये फिटतात. वर्ष संपते तेव्हा साडेसहाही पुरे झालेले नसतात. दहावा रुपया पुरा होतो तो १२,३६७ व्या दिवशी, म्हणजे सुमारे ३३ वर्षे १० महिन्यांनी. कर्ज वीस रुपयांचे असते, तर सात लाख पंचेचाळीस हजार वर्षे लागली असती. खाली त्याने सुबक टाइपात छापले होते: कर्ज निश्चित फिटेल.

सरांनी कागद दूर धरून दोनदा वाचला, काकूंना वाचून दाखविला, घडी घालून खिशात ठेवला. मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत म्हणाले, “आणि व्याज धरले आहेस का रे?”

तो हसला, आणि फळ्याकडे वळून खडू शोधू लागला.