हौशी स्वाराची वर्षे

अमेरिकेतील हॉर्स शो म्हणजे शर्यत नव्हे. हंटर प्रकारात घोडा अडथळ्यांवरून किती सारख्या लयीत आणि डौलात जातो हे परीक्षक पाहतात, जंपरमध्ये पडलेले दांडे आणि लागलेला वेळ मोजला जातो, तर इक्विटेशनमध्ये स्वाराच्या बैठकीला गुण असतात. मैदानात उतरणारे कित्येक स्वार पोटापाण्यासाठी दुसरेच काम करतात. घोडा आणि पोट यांची सांगड त्यांना अठराव्या वर्षापासून घालावी लागते.

तोवर स्वार ‘ज्युनियर’ असतो. खर्च आईवडील उचलतात आणि शाळा सुटली की तबेला गाठता येतो. स्पर्धेचे वर्ष १ डिसेंबरला सुरू होते आणि त्या दिवशीचे वय वर्षभर धरले जाते. अठरा पूर्ण झाल्यावर युनायटेड स्टेट्स इक्वेस्ट्रियन फेडरेशनच्या नियमांनी स्वार हौशी तरी ठरतो, नाहीतर व्यावसायिक. पैसे घेऊन दुसऱ्याचा घोडा फिरवला, तयार केला किंवा कुणाला स्वारी शिकवली, की सर्वसाधारणपणे हौशीपण संपते. नालबंद किंवा पशुवैद्य म्हणून मात्र घोड्यांच्या जगात कमावता येते आणि हौशी गटात उतरताही येते. कॉलेजचा विषयही ठरलेला नसतो, त्या वयात हा निर्णय समोर येतो. तो फार लवकर येतो, असेच म्हणावे लागेल.

कॉलेजच्या काळात एक मोठा आधार आहे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या इंटरकॉलेजिएट हॉर्स शो असोसिएशनच्या स्पर्धांत स्वतःचा घोडा लागत नाही. यजमान संघ घोडे पुरवतो, चिठ्ठी टाकून ते वाटले जातात आणि सरावाशिवाय थेट अनोळखी घोड्यावर बसायचे असते. नवशिक्यांनाही तिथे गट आहे. मध्यमवर्गीय मुलांसाठी याहून न्याय्य व्यवस्था या महागड्या खेळात क्वचितच दिसते.

तरीही घोड्याचे वय हा सगळ्या हिशेबातला सर्वांत कठोर आकडा आहे. उड्या मारणारा घोडा साधारण आठव्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत ऐन भरात असतो. जगतो मात्र २५ ते ३० वर्षे. सतराव्या वर्षी घेतलेला आठ वर्षांचा घोडा मालकाची पदवी, पहिली नोकरी आणि परगावची बदली होईपर्यंत पंधराचा झालेला असतो. माणसाची सर्वांत ओढाताणीची वर्षे आणि घोड्याची सर्वांत चांगली वर्षे अशी एकावर एक येतात. कितीही नेटके वेळापत्रक आखले तरी हे टळत नाही. काही घरांत कॉलेजच्या फीसाठी घोडा विकतात. व्यवहार शहाणपणाचा असतो, पण मुलीला तो वर्षानुवर्षे सलतो. घोड्यांच्या ओढीने पशुवैद्यकाकडे वळणाऱ्यांची कोंडी आणखी वेगळी. पदवीनंतर चार वर्षांचा अभ्यासक्रम, मग रात्री-अपरात्री येणारे फोन. इतरांचे घोडे बरे करताना स्वतःच्या घोड्यावर खोगीर चढत नाही.

नोकरी लागल्यावर पगार येतो आणि वेळ जातो. आठवडाभर उभा राहिलेला घोडा शनिवारी अडथळ्यांवर नेला तर त्याच्या पायांच्या कंडरा दुखावू शकतात, म्हणून मधल्या दिवसांत प्रशिक्षक त्याला फिरवतो, किंवा दोघे मिळून एक घोडा भाड्याने घेतात आणि दिवस वाटून घेतात. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येतोच, मालक गावाला असो वा नसो. मोठ्या स्पर्धा बहुधा बुधवारी सुरू होऊन रविवारी संपतात. फ्लोरिडातल्या वेलिंग्टनचा हिवाळी महोत्सव तर जानेवारीपासून आठवडेच्या आठवडे चालतो आणि उत्तरेकडचे नोकरदार शुक्रवारच्या विमानाने तिथे पोहोचतात. बाकीचे घराजवळच्या एकदिवसीय स्पर्धांवर भागवतात. त्यात कमीपणा काहीच नाही. घोड्याला मैदान लहान की मोठे याचे सोयरसुतक नसते.

तिशीत अनेकांची स्वारी थांबते. निवृत्त घोड्याचा चारा, खुरे आणि दात यांचा खर्च मात्र आणखी दहा वर्षे चालतो, आणि ज्या नोकरीपायी स्पर्धा हुकल्या तिच्याच पगारातून तो भागतो. मुले मोठी झाली, कामात जम बसला, की काहीजण पुन्हा रिकिबीत पाय घालतात. प्रौढ हौशी स्वारांचे गट वयानुसार पाडलेले असतात आणि हंटरमधल्या त्यांच्या अडथळ्यांची उंची साधारण तीन फूट असते. ज्युनियर असताना साडेतीन फुटांवरून गेलेले स्वार तिथे मनापासून उतरतात, कारण सोमवारी धडधाकट कामावर हजर व्हायचे असते.