पवनचक्क्यांच्या पठारावर

साताऱ्याहून सज्जनगडाच्या वाटेला लागा. गड मागे टाका, ठोसेघरचा धबधबा बघा आणि तसेच पुढे चढत जा. थोड्याच वेळात समोर येतं चाळकेवाडीचं पठार. जिकडे बघाल तिकडे पवनचक्क्याच पवनचक्क्या! पावसाळ्यात गेलात तर छत्री मात्र उघडू नका. उलटी झालीच म्हणून समजा! कधीकधी धुकं इतकं दाटतं, की पाती दिसतच नाहीत. नुसता 'सूं सूं' आवाज ऐकू येतो.

वाऱ्यापासून वीज होते, हे तुम्ही पुस्तकात वाचलंच असेल. पण वारा पडला लहरी. आत्ता सोसाट्याचा, घटकेत मंद. मग आपल्या घरातला दिवा त्याच्याबरोबर लहान-मोठा का होत नाही?

आपल्या घरी २३० व्होल्टची वीज येते. व्होल्टेज म्हणजे जणू नळाच्या पाण्याचा जोर. सकाळी सगळ्या बिऱ्हाडांनी एकदम नळ सोडले, की वरच्या मजल्यावर धार बारीक होते ना? तसंच तारांतही होतं. व्होल्टेज फार उतरलं तर दिवे मिणमिणतात, मोटारी तापतात; फार चढलं तर बल्ब उडतात.

आता गंमत ऐका. जुन्या पद्धतीची पवनचक्की वीज देते खरी, पण उसनवारीही करते! तिच्या जनित्रात चुंबकत्व निर्माण व्हावं लागतं आणि त्यासाठीचा प्रवाह ती तारांमधूनच ओढते. वारा वाढला, की ही ओढही वाढते. अनेक चक्क्यांनी एकदम ओढ घेतली, तर व्होल्टेज घसरू लागतं.

म्हणून चक्कीपाशी आणि उपकेंद्रात कपॅसिटर बसवतात. घरचा पंखा काठीने ढकलावा लागला, की वायरमनकाका 'कंडेन्सर गेला' म्हणतात ना? त्याचाच हा थोरला भाऊ, बरं का! उसना प्रवाह तो जागच्या जागी पुरवतो. शिवाय उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर गुंडाळीचे वेढे कमी-जास्त करून व्होल्टेज सावरतो. नव्या चक्क्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच करते.

हे सावरणं चुकलं तर? २८ सप्टेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातल्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात वादळाने विजेचे मनोरे पाडले. दोन मिनिटांत व्होल्टेजला सहा गचके बसले. 'ठरावीक गचक्यांनंतर वीज कमी करा', असं तिथल्या अनेक पवनचक्क्यांना आधीच शिकवून ठेवलेलं होतं. त्यांनी ते ऐकलं आणि काही सेकंदांत ४५६ मेगावॅट वीज गेली. शेजारच्या राज्यातून येणाऱ्या तारांवर सगळा भार पडला, त्याही तुटक झाल्या आणि अख्खं राज्य अंधारात बुडालं! दोष वाऱ्याचा नव्हता. पुढे चक्क्यांना दिलेली ती आज्ञाच बदलली: गचके सोसा, पण टिकून राहा.

तेव्हा पठारावर गेलात, की फिरत्या पात्यांकडे जरूर बघा. पण जाताजाता कुंपणापलीकडच्या त्या मुक्या उपकेंद्राकडेही एक नजर टाका. लहरी वाऱ्याला शिस्त लागते ती तिथेच!