इंग्रजी ऐकणारे मराठी कान

उज्जैनचे माधव नगर महाराष्ट्राच्या सीमेपासून दूर असले, तरी तेथील मराठी घरांचा भाषिक प्रश्न आम्हां सीमावासीयांना परका नाही. शिंद्यांची राजधानी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली. मराठी कुटुंबे मात्र माळव्यात राहिली. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि उच्च शिक्षणासाठी इंग्रजी, अशा तीन भाषांत तेथील मूल वाढते. बेळगाव-निपाणीकडे हिंदीच्या जागी कन्नड येते, एवढाच फरक. अशा मुलाला इंग्रजी वाचता-लिहिता येते. ऐकताना मात्र ते गोंधळते आणि आपली बुद्धीच तोकडी असे मानू लागते. हा समज आम्हांला खोडून काढावयाचा आहे.

उणीव बुद्धीची नसून कानाच्या सवयीची आहे. इंग्रजीत ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ हा भेद लेखनात आहे. उच्चारात आपण तो बहुधा पाळत नाही. हिंदी तो पाळते. कन्नडमध्येही ‘बिडु’ म्हणजे सोड आणि ‘बीडु’ म्हणजे वस्ती. याउलट ‘बेट’ आणि ‘बॅट’ यांतील फरक मराठी कानाला सहज कळतो. त्यामुळे हिंदी भाषकांसाठी केलेले मार्गदर्शन मराठी मुलाला जसेच्या तसे लागू पडत नाही.

दुसरी अडचण आघाताची. मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षर आपले माप राखून उच्चारले जाते. इंग्रजीत आघात नसलेली अक्षरे आक्रसतात. छापील ‘कंफर्टेबल’ कानी ‘कंफ्टबल’ असे येते. ‘कॅन’ वाक्यात नुसते ‘कन’ उरते, तर नकारार्थी ‘कान्ट’ ठसठशीत उच्चारले जाते. हे ठाऊक नसेल, तर मुलाखतीत होकाराचा नकार ऐकू येतो.

या सरावाची साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा सहा मिनिटांचा संवाद संहितेसह मिळतो. ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्न इंग्लिश’ संकेतस्थळावर पाठांची पातळीनुसार मांडणी आहे. व्हॉइस ऑफ अमेरिकेने 1959 मध्ये मोजक्या शब्दांत, संथ गतीने बातम्या सांगण्याची ‘स्पेशल इंग्लिश’ ही पद्धत सुरू केली. नवशिक्यासाठी ती आजही उत्तम नमुना आहे. ‘टेड’च्या काही भाषणांना स्वयंसेवकांनी मराठी उपशीर्षके दिली आहेत. यूट्यूबवर गती पाऊणपट करता येते.

मात्र तासन्‌तास नुसते ऐकून कान तयार होत नाही. आम्ही सुचवितो ती रीत अशी: संहिता न पाहता एक मिनिट ऐकावे, आणि जे कानी पडले ते देवनागरीत, जसे ऐकू आले तसे लिहावे. मग संहिता उघडावी. आपण ‘गना’ लिहिले आणि तेथे ‘गोइंग टु’ छापले असेल, तर कान बरोबर होता. डोळ्यांनी ठरविलेला उच्चार चुकीचा होता. उच्चाराच्या जवळ जाणारी लिपी आपल्या हाती असताना तिचा हा उपयोग करून न घेणे करंटेपणाचे ठरेल. सुटलेले शब्द अधोरेखित करून तोच तुकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावा. उपशीर्षके शेवटी पाहावीत. आरंभीच पाहिली तर तो वाचनाचा सराव होतो.

आमचा आग्रह दुहेरी आहे. मराठी कानाला नेमके काय ऐकू येत नाही, हे सांगणारे मार्गदर्शन मराठीत व्हावे. आणि शेजारभाषेला आपण सवत मानू नये. माधव नगरातील मुलाचा हिंदी कान आणि बेळगावातील मुलाचा कन्नड कान ऱ्हस्व-दीर्घ आधीच ओळखतो. इंग्रजी ऐकताना तो कानही उघडा ठेवावा, असे त्या मुलाला मराठीतून सांगणारा कोणी हवा.