दादाचा तास

मावसभावाचं मी जे देणं लागतो, ते आमच्या घरात कुणी देणं मानणार नाही. त्यानं मला व्हिडिओ गेममध्ये रिकामं फिरायला शिकवलं.

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही ‘व्हाइस सिटी’ खेळायचो. बाहेर ४५ अंशांचं ऊन, आत कूलर. पैसे तासावर, म्हणून पोरं धडाधड गोळ्या झाडून मिशनं उरकायची. दादा मात्र गाडी समुद्रकाठच्या रस्त्याला घ्यायचा, रेडिओवर ऐंशीच्या दशकातली गाणी लावायचा आणि चक्क सिग्नलला थांबायचा. मागे नंबर लावून बसलेली पोरं वैतागायची. मीही. “काहून घाई करतं गा? गाव तं पाहू दे,” एवढंच त्याचं म्हणणं.

दादा वडशाचा, म्हणजे झाडीपट्टी नाटकांच्या माहेरचा. धान घरात आलं की दिवाळीनंतर तिकडे रात्रभर नाटकं चालतात, ती थेट होळीपर्यंत. त्यानंच मला पहिल्यांदा मंडईच्या रात्री शामियान्यात नेऊन बसवलं. खलनायक सुरा काढतो, आणि नेमका तेव्हाच विनोदी नट येतो. मग कथानक खुशाल ताटकळत राहतं, मधेच एखादं नाचगाणंही होतं. शहरी समीक्षकांना हे पसरट वाटतं. मला नाही वाटत. पहाटे तोच हसवणारा नट मेला, तेव्हा बायाबापड्यांबरोबर मीही रडलो होतो. त्याच्याबरोबर रिकामा वेळ घालवला नसता, तर त्याच्या मरणाचं मला काय पडलं असतं?

पुढे पुण्यात नोकरी करताना ‘याकुझा झिरो’ हा गेम हाती आला. १९८८ सालचं तोक्यो, झकपक कपड्यांतले गुंड, देखणी मारामारी. पण मी अडकलो तो किर्यू आणि निशिकियामा हे दोन मित्र कराओके गायला जातात तिथं. २००५ साली आलेला पहिला ‘याकुझा’ ज्यांनी खेळलाय, त्यांना ठाऊक असतं की पुढे हेच दोघे एकमेकांसमोर उभे ठाकणार आहेत. मग ते बेसूर गाणं ऐकवत नाही आणि बंदही करवत नाही. नुसती मारामारी असती, तर आठवड्यात विसरलो असतो.

हे दादाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, “मंग, आपल्या नाटकात काय वेगळं असते?” यंदा दिवाळीनंतर लॅपटॉप घेऊन वडशाला जाणार आहे. नाटकाची तिकिटं मात्र तोच काढणार, म्हणजे उधारी वाढणारच.