वाली नसलेली गाडी

एखाद्याला कुणी वाली नाही असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या अंगात काही कमी आहे असं आपल्याला म्हणायचं नसतं. त्याच्या पाठीशी उभं राहणारं कुणी नाही, एवढंच सांगायचं असतं. गाडीचंही तसंच आहे. नवी गाडी घेणारा माणूस गाडीबरोबर तिचा वालीही विकत घेतो: वॉरंटी, सर्व्हिस सेंटर, आणि दहा वर्षांनी तुटलेला आरसा कुठल्या तरी गोदामात नक्की मिळेल हा भरवसा. साब या स्वीडिश गाडीचा वाली १९ डिसेंबर २०११ रोजी गेला. त्या दिवशी साब ऑटोमोबिल कंपनीनं वेनेर्सबोर्गच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. तेव्हापासून जो कुणी जुनी साब विकत घेतो, तो वाली नसलेली गाडी घेतो. अशा खरेदीला बहुतेक लोक वेडेपणा म्हणतात. मला ती विचारपूर्वक केलेली खरेदी असू शकते असं वाटतं. गाडीला खरा आधार तीन गोष्टींचा असतो: तिची बांधणी, तिच्या सुट्या भागांचा साठा आणि तिला ओळखणारी माणसं. कंपनी चालू असते तोवर या तिन्ही गोष्टी एकाच पाटीखाली नांदतात, म्हणून त्या कंपनीच्याच वाटतात. पाटी उतरल्यावर कळतं, की त्यांचं आयुष्य वेगवेगळं आहे, आणि त्यातलं बरंचसं कंपनीच्या आयुष्याहून लांब आहे.

आधी बांधणीचं पाहू. स्वीडिश हवाई दलासाठी विमानं बनवायला १९३७ साली ट्रोलहेत्तान गावात ही कंपनी निघाली. ‘स्वेन्स्का एरोप्लान आक्तिएबोलाग’, म्हणजे स्वीडिश विमान कंपनी, या नावाची आद्याक्षरं जोडून साब. महायुद्ध संपत आलं, लढाऊ विमानांची मागणी आटणार हे दिसू लागलं, आणि कंपनीनं मोटारीकडे मोर्चा वळवला. गुन्नार युंगस्ट्रोम हा अभियंता आणि सिक्स्टेन सासोन हा रेखाटनकार यांनी एका लहानशा गटाला हाताशी धरून पहिली गाडी घडवली. ती जून १९४७ मध्ये लोकांसमोर आली, आणि ‘९२’ या नावानं डिसेंबर १९४९ पासून तिचं उत्पादन सुरू झालं. दोन सिलिंडरचं ७६४ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद २५ अश्वशक्ती, ओढ पुढच्या चाकांना, आणि अंग वाऱ्याला कापत जाणारं. सुरुवातीच्या गाड्यांना डिकीचं झाकणच नव्हतं. सामान मागची सीट वाकवून आतूनच ठेवावं लागे. मोटारी बनवण्याची जुनी सवय नसलेल्या माणसांनी प्रत्येक प्रश्न पहिल्यापासून सोडवला की काय होतं, ते या गाडीत दिसतं. कधी झाकण राहून जातं, आणि कधी इतरांना न सुचलेलं काही सुचतं. त्या काळी बहुतेक गाड्यांची मागची चाकं ओढत असताना साबनं बर्फाळ रस्त्यांसाठी पुढची चाकं निवडली. याच घराण्यातली ‘९६’ घेऊन एरिक कार्लसननं १९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षं माँटे कार्लो रॅली जिंकली.

साबच्या विमानांशी असलेल्या नात्याबद्दल फार बोललं जातं. जुनी गाडी घेणाऱ्यानं त्या नात्यापेक्षा क्लचकडे जास्त लक्ष द्यावं असं मी म्हणेन. १९७८ साली आलेली ‘९००’ पंधरा वर्षं चालली आणि नऊ लाखांहून अधिक बनली. तिचं इंजिन उलट्या तोंडानं बसवलेलं आहे: क्लच गाडीच्या पुढच्या टोकाला, गिअरबॉक्स इंजिनच्या खाली. त्यामुळे क्लच प्लेट बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. बॉनेटही पुढच्या बाजूला कलून उघडतं, चाकांवरचा भाग सोबत घेऊन, आणि मेकॅनिकला तिन्ही बाजूंनी हात घालता येतो. ज्यानं कुणी ही मांडणी केली, त्यानं गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर पंधराव्या वर्षी ती दुरुस्त करणाऱ्या माणसाचाही विचार केला होता. हा विचार कागदावरच्या वॉरंटीपेक्षा जास्त टिकतो, कारण तो लोखंडात उतरलेला असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातली १९८९ सालची एक ९०० दहा लाख मैलांपेक्षा जास्त धावून तिथल्या मोटार संग्रहालयात जाऊन विसावली. प्रत्येक ९०० इतकी धावेल असं यातून सिद्ध होत नाही. वेळच्या वेळी हात फिरवला तर ही बांधणी कुठवर साथ देऊ शकते, एवढं मात्र कळतं.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. त्यांची कथा मला सगळ्यात बोलकी वाटते. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं साबच्या मोटार विभागाचा निम्मा वाटा १९८९ च्या अखेरीस घेतला आणि २००० साली उरलेलाही. साब तेवढ्या अवाढव्य उद्योगाच्या मानानं कायमच लहान होती; सगळ्यात चांगल्या वर्षीही तिच्या गाड्या साधारण १ लाख ३३ हजारच खपल्या. आर्थिक मंदीत जनरल मोटर्सनं हात काढून घेतला, २०१० च्या सुरुवातीला स्पायकर या छोट्या डच कंपनीनं साब घेतली, आणि एप्रिल २०११ मध्ये देणी थकल्यामुळे माल पुरवणाऱ्यांनी पुरवठा थांबवला. उत्पादनाची साखळी तिथेच तुटली. पण मध्यंतरी एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. युरोपीय गुंतवणूक बँकेच्या कर्जाला स्वीडिश सरकारनं हमी दिली होती, आणि त्या हमीपोटी तारण ठेवली होती ती सुट्या भागांची कंपनी. मुख्य कंपनी बुडाल्यावर न्यूशॉपिंगची ही कंपनी सरकारच्या ताब्यात आली, ‘ओरिओ’ या नव्या नावानं भाग विकत राहिली, आणि पुढे खासगी उद्योगानं ती घेतली. हमी देणाऱ्यानं तारण म्हणून काय घेतलं हे इथं बघण्यासारखं आहे. आटलेल्या कंपनीत किंमत टिकून राहील अशी जागा त्याला गोदामातच दिसली. रस्त्यावर लाखो गाड्या होत्या, त्यांना ब्रेक पॅड, फिल्टर, बुश, सायलेन्सर लागणारच होते. गाड्या धावत असतील तोवर त्यांच्या भागांचा धंदा चालतो. तो धंदा चालू ठेवायला नव्या गाड्या बनवाव्या लागत नाहीत.

तिसरी गोष्ट माणसांची, म्हणजे त्यांच्या ज्ञानाची. जुन्या साबचे आजार आता कुणाला अनोळखी राहिलेले नाहीत. टर्बो इंजिनांवर चारही स्पार्क प्लगांच्या डोक्यावर बसणारी एक लांबट पेटी असते, तिला इग्निशन कॅसेट म्हणतात. ती पूर्वसूचना न देता बंद पडते, आणि गाडी जागेवर उभी राहते. म्हणून जाणता मालक डिकीत दुसरी कॅसेट ठेवतो. काही स्क्रू काढले की रस्त्याच्या कडेला ती बदलता येते. ‘९-५’ या मॉडेलच्या २००३ पर्यंतच्या पेट्रोल इंजिनांत तेलाचा चिकट गाळ साचतो, तेल खेचणारी जाळी तुंबते आणि इंजिन कोरडं पडून जाम होतं. त्यावरचा उपायही ठरलेला आहे: ऑइल चेंबर उतरवून जाळी साफ करायची, इंजिनच्या श्वासनळ्यांचा सुधारित संच बसवायचा, पूर्ण सिंथेटिक तेल वापरायचं आणि ते ठरल्यापेक्षा लवकर बदलायचं. जुन्या ९०० चा गिअरबॉक्स नाजूक, ९-५ च्या डॅशबोर्डवरची अक्षरं पुसट होत जातात, छताचं कापड लोंबतं. ही यादी घाबरवण्यासाठी नाही. नव्या मॉडेलचे दोष त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकाला भोगून कळतात. जुन्या साबचे दोष विकत घेण्याआधी कळतात. कुठे हात लावून पाहायचं, कुठलं बिल मागायचं, कशासाठी किती पैसे बाजूला ठेवायचे, हे ठरवता येतं. चेंबर कधी उघडलं होतं याचा कागद नसेल तर ते उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करायचा. ज्या गाडीची एकच किल्ली उरली आहे ती शक्यतो घ्यायचीच नाही, कारण नव्या साबांत किल्ली हा इलेक्ट्रॉनिक कुलपाचा भाग आहे आणि दुसरी करून घेणं महागात पडतं.

या किल्लीपाशीच माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात मजबूत आक्षेप उभा आहे. ९०० ची गोष्ट वेगळी, तिला पाना आणि जाणता हात पुरतो. पण २००३ नंतरची ‘९-३’ ही चाकांवरची संगणकांची साखळी आहे. तिच्यातला एखादा नियंत्रक बदलला तर तो गाडीला ‘ओळखवून’ द्यावा लागतो, त्यासाठी टेक-टू नावाचं खास यंत्र लागतं, आणि काही कामांना कारखान्याकडून मिळणारा सुरक्षा संकेतही. वाली नसेल तर हा संकेत कोण देणार? शेवटच्या ९-५ चं तर आणखी अवघड. २०१० मध्ये आलेली ही गाडी साधारण ११ हजारच बनली. तिच्या दिव्यांचा, काचांचा, पत्र्यांचा साठा उभा राहण्याआधीच कारखाना थांबला. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मान्य केल्यानं माझं म्हणणं अधिक नेमकं होतं. गाडी पोरकी होते ती दिवाळखोरीच्या तारखेला, असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती किती पोरकी होणार हे तिचा आराखडा काढला जातो त्या दिवशीच ठरलेलं असतं. जी गाडी कुणाही जाणत्या माणसाच्या हाताला दाद देते तिला अनेक वाली मिळतात. जी एकाच यंत्राला, एकाच सर्व्हरला दाद देते, तिचा वाली एकच, आणि तो गेला की ती खरोखर उघड्यावर पडते. म्हणून ‘जुनी साब घ्यावी का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. खूप बनलेली, उघडता येणारी, आजार माहीत असलेली साब जरूर घ्यावी. दुर्मीळ म्हणून मोह घालणारी शेवटची गाडी फक्त त्यानं घ्यावी, ज्याला पुढची काच फुटल्यावर महिनोन्‌महिने थांबायची तयारी आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. साबनं या बाबतीत आपल्या काळाच्या पुढे काम केलं यात शंका नाही. स्वीडनच्या रस्त्यांवर एल्क हा उंच पायांचा जड प्राणी आडवा येतो आणि धडक बसली की त्याचं धूड थेट काचेवर कोसळतं. म्हणून काचेच्या बाजूचे खांब साबनं भक्कम केले. अपघातात गुडघ्याला इजा होऊ नये म्हणून किल्ली स्टिअरिंगजवळून काढून दोन सीटांच्या मध्ये आणली. मागून धडक बसली तर मान सावरणारी डोक्यामागची उशी १९९७ च्या ९-५ मध्ये आली. तरीही पंचवीस वर्षांपूर्वीची उत्तम गाडी आजच्या चांगल्या गाडीइतकी सुरक्षित नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. मुलाबाळांना घेऊन रोज महामार्गावर धावणाऱ्यानं हा हिशेब गंभीरपणे करावा. प्रदूषणाचंही असंच. पेट्रोल गाडीचा बहुतांश धूर तिच्या वापरातून येतो, बनवण्यातून कमी. वर्षाला भरपूर अंतर कापणाऱ्यानं जुनी टर्बो सांभाळण्याला पर्यावरणप्रेम म्हणू नये. थोडंच फिरणाऱ्यासाठी मात्र, तयार असलेली गाडी आणखी दहा वर्षं वापरणं हे तिच्या जागी नवं लोखंड, नवं रबर आणि नवं प्लास्टिक घडवण्यापेक्षा शहाणपणाचं ठरू शकतं.

तिसरा आक्षेप भावनेचा: हे सगळं मेलेल्या नावावरचं प्रेम आहे, बाकी युक्तिवाद नंतर जोडलेले. प्रेम आहे, यात लपवण्यासारखं काय? २०१२ च्या जानेवारीत ट्रोलहेत्तानच्या साब संग्रहालयातल्या गाड्या विक्रीला निघाल्या, तेव्हा गावची नगरपालिका, विमानं बनवणारी साब आणि वॉलेनबर्ग घराण्याचं प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन त्या वाचवल्या. गावानं आपली आठवण गावातच ठेवली, आणि ते योग्यच झालं. पण संग्रहालयातली गाडी जपायला प्रेम पुरतं. रस्त्यावरची गाडी जपायला तेलाची तारीख लक्षात ठेवावी लागते. जुनी साब नीट चालवणारा माणूस नावावर प्रेम करत असेलही, पण गाडी चालते ती त्याच्या शिस्तीवर.

हा प्रश्न दूरच्या स्वीडनचा आहे असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटू नये. ज्या जनरल मोटर्सनं साब सोडली, तिनंच २०१७ च्या अखेरीस भारतात शेव्हरोले गाड्यांची विक्री बंद केली. पुण्याजवळ तळेगावचा तिचा कारखाना त्यानंतर निर्यातीसाठी चालू राहिला आणि २०२० च्या डिसेंबरात थांबला. आता तो ह्युंदाईकडे आहे. ज्यांच्या दारात शेव्हरोले बीट उभी होती, त्यांच्या गाडीत विक्री बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही बिघडलेलं नव्हतं. उतरला होता फक्त भाव. पडलेला भाव विकणाऱ्याला रडवतो, घेणाऱ्याला मात्र संधी देतो: नावाची किंमत वजा झाल्यावर गाडी तिच्या अवस्थेच्या किमतीला मिळते. अट एवढीच, की वाचलेले पैसे आपले नाहीत, ते गाडीचे आहेत हे घेणाऱ्यानं आधीच मान्य करावं.

म्हणून जुनी साब बघायला जाणाऱ्यानं रंग आणि टर्बोची ओढ पाहण्याआधी फाइल मागावी. कुठलं तेल कधी घातलं, चेंबर कुणी उघडलं, कॅसेट कितव्या किलोमीटरला बदलली, हे सांगणारी बिलांची, चिठ्ठ्यांची, गॅरेजवाल्याच्या अक्षरातल्या नोंदींची जाड फाइल. कंपनी होती तेव्हा ही माहिती तिच्या दप्तरात असे. आता ती एका मालकाकडून दुसऱ्याकडे, किल्लीबरोबर, हातोहात जाते. अशी फाइल घेऊन गाडी सोपवणारा माणूस फक्त विक्रेता नसतो, आणि ती घेणाऱ्यालाही नुसतं गिऱ्हाईक राहता येत नाही. पुढचं पान कोरं असतं, आणि त्यावरची नोंद आता त्यालाच करायची असते.