करडईचं तेल आणि बिडाचं भांडं

कुरिअरवाल्या पोराने खोकं उंबऱ्यावर आपटलं आणि कंबर धरून विचारलं, "काकू, दगड मागवलेत का?" झाकणासकट सहा किलो वजन होतं. लेकीने पुण्याहून पाठवलेलं हे भांडं, तिच्या बोलीत डच ओव्हन. ती त्यात पाव भाजते म्हणे. मी आपली त्याला बिडाची हंडी म्हणते. बीड म्हणजे शेजारचा जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. कोकणात घावनाचा बिडाचा तवा घरोघर असतो, आमच्या जालन्याकडे तो कधी रुजला नाही.

जालन्यात लोखंडाचं भांडं कुरिअरने यावं, याचं मला हसू आलं. "जालना सोन्याचा पालना" म्हणतात. सोन्याचं ठाऊक नाही, लोखंडाचा मात्र नक्की आहे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये रात्रंदिवस भंगार वितळतं आणि त्याच्या सळ्या होतात. पण सळीला वाकता आलं पाहिजे, म्हणून तिच्यात कार्बन अगदी कमी. बिडात तो दोन ते चार टक्के; त्यामुळे ते लवकर वितळतं, वाळूच्या साच्यात कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं, आणि थंड झालं की हातातून पडल्यावर तडकतं. हा धंदाच वेगळा, ओतकामाचा. त्यात नाव कोल्हापूरचं.

आमच्या घरातलं लोखंड ओतीव नव्हतं, ठोकलेलं होतं. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, आमचा अंबड तालुका औरंगाबादेतून निघून इकडे आला, तेव्हा मी चौथीत होते. सुगी झाली की गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडायची. पुरुष सांडशीत लाल पत्रा धरायचा आणि बाई घण घालायची. पाळण्यातलं पोर त्या ठणठणाटात गाढ झोपलेलं. वखराची फास, खुरपी, विळे ही त्यांची मुख्य कामं, तवा आणि कढई मागाहून. आजीने तवा घेतला तो ज्वारी मापून. घेण्याआधी बोटाने वाजवून पाहिला आणि "बरा बोलतो," म्हणाली.

नवा तवा घरी आला की राखेने घासायचा, चुलीवर धूर येईतो तापवायचा, अर्धा कांदा तेलात बुडवून त्याच्यावर गोल गोल फिरवायचा. एवढंच. या कामाला नावही नव्हतं. कांदा काळा पडला की टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. पुढचं सगळं भाकरी आणि ठेचा करायचे. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, मीठ, वर करडईचं तेल. सगळं तव्यावरच परतून पितळी तांब्याच्या बुडाने तिथंच रगडायचं. दोन-तीन वर्षांत तवा कोळशासारखा काळा आणि आरशासारखा गुळगुळीत झाला. एकदा मी तो तारेच्या चोथ्याने लख्ख केला, कौतुक होईल म्हणून. आजी ओरडली, "कामून घासायलीस गं? त्याचं कातडं काढलंस की!"

ते कातडं म्हणजे काय, हे मला पन्नाशी उलटल्यावर या हंडीमुळे कळलं. कोरड्या लोखंडावर तेलाचा पातळ हात दिला आणि ते कडक तापवलं की तेलाचे रेणू हवेतल्या प्राणवायूने एकमेकांत गुंफले जातात आणि कठीण पापुद्रा होतो. मग ते तेल राहतच नाही. लेकीने फोनवर रीत सांगितली. साबणाने एकदाच धू, गॅसवर कोरडं कर, तेल लाव आणि मग लावलंच नव्हतं असं समजून सगळं पुसून काढ. भट्टीत उपडं घालून तासभर ठेव, असं तीन-चारदा कर. "पुसून काढ" हे मी ऐकलं नाही. तेल लावायचं तर सढळ हाताने, हा आमचा स्वभाव. हंडी निघाली ती बाभळीच्या डिंकासारखी चिकट, आणि घरभर असा धूर की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या. सगळं खरवडून पुन्हा सुरुवात.

दुसऱ्या वेळी घाण्यावरून करडईचं तेल आणलं. आपल्याकडच्या साध्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल 70 टक्क्यांच्या वर असतं आणि तेच लवकर वाळून धरतं. म्हणून हे तेल रंगातही वापरतात. आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. शेतात करडई होती, म्हणून घरात तेल होतं. आता परभणीच्या कृषी विद्यापीठाने "परभणी कुसुम"सारखे वाण काढले तरी करडईचे काटे सोसायला माणूस मिळत नाही. शिवारात सोयाबीन, मग हरभरा. करडईचा पिवळा पट्टा शोधावा लागतो.

मात्र जुनं सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात कढईला रात्रीतून तांब चढायची, चिंचेची आमटी त्यात केली तर काळी व्हायची, आणि ती कढई उचलून आईचं मनगट कायम दुखायचं. गॅस आला, मग न चिकटणारा तवा आला, तेव्हा आई खूश होती आणि तिची खुशी रास्त होती. कढई आणि तवा भंगारवाल्याला किलोवर गेले. जालन्याचं भंगार कुठं जातं ते सांगायला नको. आमची कढई आज कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळी होऊन पडली असेल.

डच ओव्हन हे नाव आलं कुठून, तेही वाचलं. इंग्लंडात अब्राहम डार्बी यांनी 1707 साली बिडाची भांडी वाळूत ओतण्याचं पेटंट घेतलं. पितळ ओतण्याची डच कारागिरांची रीत त्यांनी पाहिली होती, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. चुलीवर वापरायच्या जुन्या घडणीला तीन पाय असत आणि झाकणाला उभा काठ, वर निखारे ठेवता यावेत म्हणून. हे वाचून मी पुस्तक मिटलं. भात होत आला की आजी झाकणीवर चार निखारे ठेवायची. तिच्या झाकणीला काठ नव्हता, निखारा घरंगळला की चिमट्याने उचलून परत वर.

चौथ्या हाताला हंडी काळी झाली. लेकीचा सल्ला होता, पहिल्यांदा पाव कर. मी मिरच्या टाकल्या, लसूण टाकला, करडईचं तेल सोडलं आणि आजीचा तांब्या घेऊन रगडायला बसले. काही चिकटलं नाही. ठेचा झकास झाला, तांब्याच्या बुडाला तेवढा पोचा आला.