सहा, अकरा, सोळा सूत

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या वाचनालयाचं काम माझ्याकडे होतं. जागा अशी की लांब भिंत नेमकी पश्चिमेला. दुपार कलली की ऊन सरळ टेबलांवर, आणि एसीचं नाव काढायची सोय नाही. म्हणून त्या बाजूला विटांची जाळी करायचं ठरलं. विटांचे मध्य 10 इंचांवर ठेवून वीट जागच्या जागी उत्तरेच्या अंगाला वळवली, की समोरची फट मिटत जाते. ऊन विटेवर अडतं, उजेड मात्र उत्तरेकडून तिरका आत येतो. टेबलांसमोर जास्त वळवायची, कपाटांमागे सरळ ठेवायची, मधे हळूहळू बदल.

हे हाताने काढत बसलं तर वर्ष गेलं असतं. म्हणून राइनो हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि त्यातलं ग्रासहॉपर. त्यात भिंत काढायची नसते, तिचे नियम मांडायचे असतात: विटेचं माप, दोन विटांमधलं अंतर, टेबलं कुठे, ऊन कुठून. स्क्रीनवर चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या वायरींचा हा गुंता. पण एक आकडा सरकवला की सगळी भिंत नव्याने उभी राहते. कल्पना काँप्युटरहून जुनी आहे. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी आर्किटेक्ट गौदीने दोऱ्या टांगून, त्यांना छऱ्यांच्या पिशव्या बांधून कमानींचे आकार शोधले होते. एक दोरी आखूड केली की बाकीच्या आपोआप सरकायच्या. हल्ली पुण्यात या पद्धतीचं ‘पॅरामेट्रिक’ हे नाव काढलं की कॅफेच्या छताला लावलेल्या प्लायच्या वळणदार पट्ट्या दाखवतात. दिसायला बऱ्या असतात, पण वळण इथेच का, याला उत्तर नसतं.

कॉलेजात आम्हाला स्वित्झर्लंडमधल्या फ्लेशची गांटेनबाइन वायनरी दाखवायचे. 2006 सालचं काम. ग्रामाझिओ आणि कोहलर या आर्किटेक्टांनी झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात रोबोकडून सुमारे 20,000 विटा कोन साधत चिकटवून घेतल्या, आणि तयार पॅनेलं ट्रकने नेऊन क्रेनने बसवली. माझ्याकडे रोबो नव्हता, मामा होते. मामा म्हणजे आमचे गवंडी. साइटवर सगळे त्यांना मामाच म्हणतात.

नकाशावर मी प्रत्येक विटेचा कोन लिहून नेला होता. मामांनी कागद दोन्ही हातांत धरून बघितला.

“मॅडम, हे 23 अंश मी कशानं मोजू? माझ्याकडं गुण्या हाय, वळंबा हाय, दोरी हाय.”

मग त्यांनी खाली दोन विटा मी सांगितलेल्या सगळ्यात मोठ्या कोनात, 45 अंशांत, कोरड्याच मांडल्या आणि वर तिसरी तशीच ठेवली. दोन्ही बाजूंना ती जेमतेम अर्धा इंच टेकत होती. बोटाने ढकलली, तर डुलली. “पोरांची शाळा हाय ही,” एवढंच बोलले. फाइलमध्ये वीट वीटभर जागेवर नीट बसलेली दिसत होती, कारण टेकण्याबद्दल फाइलला कोणी विचारलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी दोन अटी घातल्या. कोन 30 अंशांपुढे जाणार नाही, आणि वरची वीट खालच्यापेक्षा फार तर एकाच पायरीने वेगळी असेल. पायऱ्या चारच: 0, 10, 20, 30. मग अंश काढून टाकले. वीट वळली की तिचा कोपरा दोरीच्या बाहेर किती येतो, तेवढंच काढलं. 9 बाय 4 च्या विटेला 10 अंशांना 6 सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) येतात, 20 ला 11, 30 ला 16. सरळ विटेला शून्य. प्लायच्या तीन पट्ट्या त्या मापांच्या कापल्या. दोरीला पट्टी लावायची, कोपरा टेकवायचा, थापी मारायची. ग्रासहॉपरने थरानुसार याद्या छापून दिल्या: 0, 6, 6, 11, 16, 16, 11. दुसऱ्या थरापासून मामांचा बिगारीच यादी मोठ्याने वाचायला लागला.

भट्टीची वीट एका मापाची नसते. कुठली 9 इंची, कुठली पावणेनऊ. तो फरक मामा मसाल्यात जिरवायचे, त्याचं गणित मी मांडलेलं नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअरने कोयनेचा भूकंपाचा भाग म्हणून ठरावीक थरांनंतर काँक्रीटचा पट्टा मागितला, पुढे त्याची जाडीही वाढवली. एरवी अशा वेळी सगळे नकाशे पुन्हा काढायचे. इथे एक आकडा बदलला, थर नव्याने बसले, विटांची संख्या आणि याद्या त्याबरोबर आल्या. या पद्धतीचा मला वाटणारा खरा फायदा हाच. आकार विचित्र करता येतात म्हणून नव्हे, निर्णय उशिरापर्यंत मोकळा ठेवता येतो म्हणून.

मधे एकदा कोपरगावला जाऊन समीप पडोरांच्या ऑफिसने केलेलं, 2018 चं माया सोमय्या वाचनालय पाहून आले. तिथे छप्परच पातळ विटांच्या कॅटलन पद्धतीच्या कमानीचं. तिचा आकार राइनोमध्येच चालणाऱ्या राइनोव्हॉल्टने शोधलेला, आणि मुलं त्या छपरावरून चालत जातात. वरून एकेका विटेची सांध बघत मी बराच वेळ रेंगाळले.

जाळी उभी राहिली तसा ठेकेदार वेगळा दर मागू लागला. साधं वीटकाम तो घनमीटरवर मोजतो. हे काम सावकाश चालतं, त्यातून भिंतीत बरीच पोकळी, तेव्हा घनमीटरला अर्थच नव्हता. शेवटी चौरस फुटावर जमवलं. मापांच्या पट्ट्या मामांनी मागून घेतल्या. मुख्याध्यापकांचं म्हणणं एवढंच की बाहेर आलेल्या कोपऱ्यांवर धूळ साचते आणि खालच्या भागात मुलं पाय ठेवून चढतात. पुढच्या कामाच्या फाइलमध्ये खालचे पाच फूट मी सहा सुतांवरच थांबवले आहेत.